कितव्या वळणावर समुद्र

"ईस्टरनंतरच्या मंगळवारी निघू," लेआर्को म्हणाला.

"निघू. पण आधी नीट आखू," आर्रिगो म्हणाला.

एवढंच झालं. इओलेच्या बारमध्ये, फेब्रुवारीतल्या एका दुपारी. आर्रिगो मांतोवीनं त्या दिवशी 'निघू' म्हणून तोंड मिटलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण चौतीस वर्षं नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत काढलेल्या माणसाला नुसतं 'निघू' म्हणता येत नाही. आमच्या गावात आर्रिगोचा शिक्का बसल्याशिवाय कुणी जन्माला आलं नाही आणि त्याच्या सहीशिवाय कुणी मेलंही नाही. मधलं जे काही जगणं होतं ते मात्र लोकांनी आपापल्या जबाबदारीवर उरकलं.

बेत तसा चिमूटभर. आगगाडीनं मार्के प्रांतात जायचं, दुसऱ्या दिवशी सायकलनं कोर्नाक्याच्या खिंडीपर्यंत चढायचं, तिसऱ्या दिवशी पलीकडे समुद्रापर्यंत उतरायचं. दोन सायकली, दोन म्हातारे. लेआर्को बीझीचे वडील त्याच खिंडीतून ट्रकनं कलिंगडं नेत. घरी आले की सांगत, "खिंड ओलांडली की डोंगर, डोंगर, नुसते डोंगर. आणि मग एका वळणावर, ध्यानीमनी नसताना, समुद्र!" कितव्या वळणावर, हे मात्र ते दर वेळी वेगळं सांगत. तेव्हा अकरा वर्षांच्या लेआर्कोनं पाचवं वळण धरलं आणि अकरा वर्षांच्या आर्रिगोनं बारावं. पैज लागली. दोघांनी मिळून उतरायचं, मोठ्यानं वळणं मोजायची, आणि हरेल त्यानं काय करायचं तेही ठरलं होतं. ते काय होतं हे पुढे दोघंही विसरले. पैज तेवढी राहिली. छप्पन्न वर्षं ती 'पुढच्या उन्हाळ्यात, पुढच्या उन्हाळ्यात' करत थांबली होती. आर्रिगो नोंदण्या करत राहिला, लेआर्को ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला, आणि दर रविवारी सकाळी दोघं पो नदीच्या बांधावरून सायकली हाणत राहिले.

तर आखणी सुरू झाली. आर्रिगोनं निळी फाईल आणली. मग मार्केचे नकाशे आणले, एक रस्त्यांचा, एक उंचीचा, एक असाच. ते जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चार कोपऱ्यांवर चार बरण्या ठेवल्या.

"जेवायचं कुठे?" त्याची बायको नीवेस हातात पातेलं घेऊन उभी.

"स्वयंपाकघरात जेवू."

"उभ्यानं?"

"टेबलावर मार्के आहे, नीवेस."

"मग मार्केलाच वाढते. तू बस बघत."

सहा आठवडे त्या घरानं उभ्यानं शेवया खाल्ल्या. नीवेस समजूतदार बाई, पण तिची आई दर रविवारी जेवायला यायची आणि तिला उभं राहवत नसे. तिला एक खुर्ची दिली आणि ताट मांडीवर. तिनं त्यानंतर आर्रिगोशी बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्या सबंध काळात त्याला झालेला हा एकमेव फायदा.

आमच्या गावात कुणी काही करायचं ठरवलं की सल्ला मागावा लागत नाही. इओलेच्या बारमध्ये एर्मेस न्हावी बसलेला असतो. त्यानं शहासष्ट साली मार्केत लष्करी सेवा केली होती, म्हणून मार्के हा त्याचा खाजगी प्रांत.

"मार्केचं पाणी जड. घरून न्या," एर्मेस म्हणाला.

"तीन दिवसांचं? सायकलवर?"

"मी सांगायचं काम केलं. आणि उतारावर छातीला वारा लागू द्यायचा नाही. घामेजल्या अंगाला वारा लागला की माणूस गेला. जर्सीच्या आत वर्तमानपत्र घालायचं."

हे तर आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. प्रश्न एवढाच होता, कोणतं वर्तमानपत्र? यावर तीन दुपारी गेल्या. एर्मेसचं म्हणणं, त्याच्या डाव्या पक्षाचा पेपर जाड असतो आणि शिवाय तत्त्वाचा असतो. पलीकडच्या टेबलावरच्या देवभक्तांचं म्हणणं, चर्चच्या साप्ताहिकानं आजवर कुणाला सर्दी झालेली नाही. खेळांचा गुलाबी कागदाचा पेपर दोन्ही पक्षांनी फेटाळला, त्यातून वारा येतो म्हणून. आर्रिगोनं हे सगळं दोन रकाने करून फाईलमध्ये लिहून घेतलं.

"कुठला पेपर घालायचा ते बायकोला विचार," लेआर्को कोपऱ्यातून म्हणाला. "नाहीतर कुठलाच घालू नको. मला फक्त सांग, मंगळवारी येतोस ना?"

"येतो म्हणजे काय! पण आखणी नको का?"

मार्चमध्ये सराव सुरू झाला. आमचा मुलूख ताटासारखा सपाट. नदीचा बांध हा आमचा पर्वत आणि महामार्गावरचा उड्डाणपूल हा आमचा घाट. आर्रिगोनं हिशेब मांडला की खिंडीच्या उंचीसाठी तो पूल सलग एकशे चाळीस वेळा चढावा लागेल. रोज वीस वेळा चढायचं ठरलं. दोघं वर जात, खाली येत, वळत, परत वर जात. चौथ्या दिवशी वाहतूक पोलिसानं अडवलं.

"तुम्ही गेला पाऊण तास या पुलावर काय करताय?"

"चढतोय," आर्रिगो म्हणाला.

"कुठे?"

"मार्केला."

पोलिसानं नावं लिहून घेतली. ज्या माणसानं या पोलिसाच्या जन्माची नोंद केली त्याचंच नाव तो पोलीस वहीत लिहून घेत होता, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगनं. आर्रिगोला ते फार लागलं. परतीच्या वाटेवर तो त्याबद्दलच बोलत राहिला. लेआर्को त्या दिवशी तीन वेळा पुलाच्या मध्यावर उतरला होता. साखळी बघतो म्हणाला होता. ज्या माणसानं आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली त्याची साखळी एका सकाळी तीन वेळा कशी निसटेल, हे आर्रिगोच्या डोक्यातच आलं नाही.

मग आगगाडीचं. स्टेशनवरच्या खिडकीतली बाई म्हणाली, "त्या गाडीत सायकलची जागा एक. एकानं सकाळच्या गाडीनं जायचं, एकानं दुपारच्या."

"आम्हाला बरोबर जायचंय."

"मग मंडळ काढा. मंडळानं लेटरहेडवर अर्ज केला, खाली शिक्का असला, की वेगळी सोय होते."

लेआर्कोला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "पुढचं चाक काढू, पिशवीत घालू, सामान म्हणून नेऊ. तपासनीसानं विचारलं तर सांगू, आजी आहे, झोपलीय."

"लेआर्को, चौतीस वर्षं मी सरकारी..."

"माहीत आहे रे बाबा."

लेटरहेड आणि शिक्का हे दोन शब्द आर्रिगोच्या कानावर पडले ना, तिथेच खरं तर सगळं हातचं गेलं. माशाला पाणी दाखवल्यावर काय होणार? त्यानं मंडळ काढायचं ठरवलं. मंडळाला सात माणसं लागतात, म्हणून एर्मेस आला, दोन देवभक्त आले, पाव भाजणारा आला, आणि सातवा आला पोलेत्ती. पोलेत्तीचं अंत्यसंस्काराचं दुकान. तो पहिल्याच बैठकीत उभा राहून म्हणाला, "जर्सी माझ्याकडून," आणि तिथेच तो अध्यक्ष झाला. म्हणजे रीतसर मतदान झालं. मंडळ आपण काढलं, घटना आपण लिहिली, तेव्हा अध्यक्ष कोण होणार याबद्दल आर्रिगोच्या मनात शंकाच नव्हती. सभ्य माणूस म्हणून त्यानं आपलं मत पोलेत्तीला दिलं. सात मतांपैकी पोलेत्तीला सहा पडली. आर्रिगोला पडलेलं एकुलतं एक मत लेआर्कोचं होतं.

आर्रिगो चिटणीस झाला. घटना तेवीस कलमांची होती, त्याच्या सुंदर तिरप्या अक्षरात. लेआर्कोनं ती बारमध्ये चष्मा लावून वाचली.

"हे सातवं कलम काय? 'क्रीडावैद्याचं प्रमाणपत्र नसलेल्या सभासदास सहलीत भाग घेता येणार नाही.'"

"सगळ्या मंडळांत असतं ते."

"आपण दोघं छप्पन्न वर्षं सायकल चालवतोय. कधी कुणी छाती तपासली?"

"म्हणून तर! आता नीट होऊ दे."

ईस्टर झाला. मंगळवारी सकाळी सहा वाजता फाटकाबाहेर शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब, शाळेत असल्यापासूनची. आर्रिगो झोपेच्या झग्यातच बाहेर आला. लेआर्को सायकल धरून उभा. पुढचं चाक काढून पाठीला बांधलेलं, कॅरियरवर पिशवी, पिशवीतून पावाचं टोक बाहेर आलेलं.

"चल," लेआर्को म्हणाला. "सहा चाळीसची गाडी."

"अरे पण शिक्का गुरुवारी यायचाय."

"चल रे आर्रिगो."

"शिक्क्याशिवाय अर्ज नाही, अर्जाशिवाय... दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, लेआर्को! मे महिन्यात जाऊ. मेमध्ये हवाही छान असते."

लेआर्कोनं पिशवीतून अर्धा पाव तोडला, फाटकावरून आर्रिगोच्या हातात दिला आणि "बरं" म्हणून गेला. तो पाव हातात घेऊन झग्यातला आर्रिगो फाटकाशी उभा होता. आत नीवेस खिडकीतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पायात चपला होत्या तुझ्या. तशाच गेला असतास तरी चाललं असतं." हे वाक्य आर्रिगोला त्या वेळी फार मूर्खपणाचं वाटलं.

शिक्का गुरुवारी आला. गोल, मध्ये चाक, भोवती मंडळाचं नाव. सकाळी दहा वाजल्यापासून आर्रिगोनं तो चौदा कागदांवर उठवून पाहिला. तो दाखवायला तो लेआर्कोच्या गॅरेजवर गेला तर कुलूप. लेआर्को उगवला शनिवारी.

"कुठे होतास?"

"बहिणीकडे. रोविगोला."

"नाक सोललंय तुझं. रोविगोत ऊन कडक दिसतंय."

"हो. कडक होतं."

"बरं, हे बघ," असं म्हणून आर्रिगोनं शिक्का काढला. लेआर्कोनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे. रबर चांगलं आहे."

मेमध्ये दोघं शहरात क्रीडावैद्याकडे गेले. तिथे छातीला तारा लावून जागच्या जागी सायकल चालवायला लावतात. आर्रिगो आधी बसला. डॉक्टर म्हणाला, "तुमचं हृदय अगदी नव्यासारखं आहे. वापरलेलंच दिसत नाही." आर्रिगोला ही स्तुती वाटली. मग लेआर्को बसला. दोनच मिनिटांत डॉक्टरनं हात वर करून त्याला थांबवलं, कागदाची पट्टी बघत राहिला आणि विचारलं, "अलीकडे एखादा मोठा चढ चढलात?"

लेआर्कोनं आर्रिगोकडे पाहिलं. "उड्डाणपूल," तो म्हणाला.

डॉक्टरनं प्रमाणपत्र दिलं नाही. गोळ्या दिल्या, बांधावरून सावकाश फिरायची परवानगी दिली, आणि चढ, कुठलाही चढ, जन्मभरासाठी बंद केला. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले होते.

"कळलं ते बरंच झालं नाही का?" आर्रिगो म्हणाला. "तपासलं नसतं तर..."

"तपासलं नसतं तर कळलं नसतं," लेआर्को म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्यात राग होता की नाही हे आर्रिगोला कळेना. राग असता तर बरं वाटलं असतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? तो फाईल बंद करील. आर्रिगोनं फाईल उघडली. एव्हाना दोघांची सहल सगळ्या मंडळाची झाली होती आणि आगगाडीऐवजी सप्टेंबरातली बस ठरली होती. त्यानं तातडीची सभा बोलावली आणि सातव्या कलमात दुरुस्ती सुचवली. लेआर्कोनं सायकल चालवायची नाही, बसमधून खिंडीपर्यंत यायचं, उतारावर तर पायही मारावा लागत नाही, तेव्हा तेवढं त्यानं आर्रिगोबरोबर उतरावं.

"माझा विरोध नाही," पोलेत्ती म्हणाला. "पण पंधरावं कलम वाचा."

पंधरावं कलम आर्रिगोला पाठ होतं. घटनादुरुस्तीची सूचना एकशे ऐंशी दिवस आधी, लेखी. कुणी उठसूट घटना बदलू नये म्हणून त्यानंच घातलं होतं.

"अध्यक्षसाहेब, माणुसकी म्हणून..."

"माणुसकी म्हणूनच सांगतो. माझ्या जर्सीतला माणूस रस्त्यात गेला तर लोक काय म्हणतील? पोलेत्ती गिऱ्हाइकं बरोबर घेऊनच फिरतो म्हणतील."

सगळे हसले. लेआर्कोही हसला. मग तो म्हणाला, "तू जा, आर्रिगो. वळणं मोज. येऊन सांग."

इथे आर्रिगोनं 'मी जाणार नाही' म्हणायला हवं होतं. त्याच्या ओठावर आलंही होतं. पण फाईल चार बोटं जाड झालेली, बस ठरलेली, जेवणाची जागा ठरलेली, आणि चिटणीसच नाही आला तर लोक काय म्हणतील. माणूस आपल्याच लाजेपायी किती वाईट वागतो याची नोंद ठेवणारं खातं नगरपालिकेत नाही, नाहीतर तिथे आर्रिगोचं नाव पहिल्या पानावर लागलं असतं.

सहल सप्टेंबरात निघाली. सायकलस्वार सहा, पण त्यांच्या बायका, एक विहीण आणि नीवेसची आई धरून बसमध्ये चोवीस माणसं. जर्सी काळ्या. पाठीवर सोनेरी अक्षरात: 'पोलेत्ती. अखेरच्या प्रवासात सन्मानाने सोबत.' खिंडीच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर बस थांबली आणि सायकली उतरल्या. एकामागून एक सहा म्हातारे ही पाटी पाठीवर घेऊन डोंगर चढताहेत हे पाहून मागून येणारा प्रत्येक मोटारवाला काच खाली करून, अपशकुन टळावा म्हणून, हात बाहेर काढून दाराच्या लोखंडाला हात लावत होता. एका ट्रकवाल्यानं तर लोखंडावर भागलं नाही म्हणून आपल्या मांडीच्या सांध्यात हात घातला. आर्रिगोनं मान खाली घातली आणि पायडल मारत राहिला.

तो चढला मात्र. पूर्ण नऊ किलोमीटर, न उतरता. खिंडीत पोचला तेव्हा शेजारी बघून काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं होतं. शेजारी एर्मेस होता. तो म्हणाला, "बघ, पाणी जड आहे की नाही?"

खिंडीतल्या खाणावळीत जेवण होतं. थरावर थर रचून भाजलेला पास्ता आला, बडीशेपेतला ससा आला, तळलेल्या भरल्या ऑलिव्हांच्या तीन पराती आल्या, मग कुणीतरी अजून एक ससा मागवला. पावणेचार वाजले. आर्रिगो सारखा खिडकीतून उताराच्या रस्त्याकडे बघत होता. पहिलं वळण तिथून दिसत होतं. शेवटी तो उठला.

"उतरायचं?"

पोलेत्तीनं रुमाल खाली ठेवला. "भरल्या पोटी? उतारावर? वाऱ्यात?"

"वर्तमानपत्रं आहेत माझ्याकडे. दोन्ही पक्षांची."

"आर्रिगो, जेवणावर वारा लागून पोट आखडलं आणि माणूस जागच्या जागी संपला, अशी तीन माणसं मी स्वतःच्या हातांनी पोचवलीत. तीन तास तरी गेले पाहिजेत."

"तीन तासांनी अंधार होईल."

"मग बस आहेच की."

आणि कबूल करायला लाज वाटते, पण आर्रिगोलाही ते पटलं. भरल्या पोटी वारा घ्यायचा नाही हे त्याच्या आईनं सांगितलं होतं, तिच्या आईनं तिला. आमच्याकडे देवाला न मानणारा माणूसही हे मानतो. सायकली बसच्या पोटात गेल्या. आर्रिगोनं खिडकीची जागा धरली आणि ठरवलं, निदान इथून मोजू. पहिलं वळण मोजलं. दुसरं मोजलं. तिसऱ्या वळणावर नीवेसच्या आईनं सहा महिन्यांत प्रथमच त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, टेबल आणि ताट या विषयावर. तिचं ऐकता ऐकता ससा आणि वाईन यांनी आपलं काम केलं. त्याला जाग आली तेव्हा बस समुद्रकाठच्या वाहनतळावर उभी होती आणि समोर समुद्र होता, सगळ्यांना दिसतो तसा, सपाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचल्यावर तो कपडेही न बदलता लेआर्कोच्या गॅरेजवर गेला. हातात भरल्या ऑलिव्हांची पुडी. लेआर्कोची सायकल भिंतीवर आकड्याला टांगलेली होती, स्वच्छ पुसून, चाकं वर. तो कुणाच्या तरी गवत कापायच्या यंत्रात हात घालून बसला होता.

"बस. सांग," तो म्हणाला. "चढलास?"

"नऊ किलोमीटर. न उतरता."

"वा! आणि उतार?"

आर्रिगोनं पुडी कामाच्या टेबलावर ठेवली. चौतीस वर्षांत त्यानं एकही खोटी नोंद केली नव्हती. "उतरलो की."

"मोजलीस?"

"मोजली."

"कितव्या?"

निदान एवढं तरी मित्राला द्यावं, असं आर्रिगोच्या मनात आलं. "पाचव्या," तो म्हणाला. "तू जिंकलास, लेआर्को."

लेआर्कोनं यंत्रातून हात काढले, चिंधीला पुसले, एकेक बोट पुसलं. मग म्हणाला, "नवव्या."

"काय?"

"नवव्या वळणावर दिसतो. पाचव्यावर मी थांबलो होतो, तिथे नुसती झाडी आहे. मला राग आला बाबांचा. मग सहावं, सातवं, आठवं. नवव्यावर दिसला."

"कधी?"

"ईस्टरनंतरच्या गुरुवारी. सकाळी दहा-साडेदहा असतील."

आर्रिगोला ती गुरुवारची सकाळ आठवली. चौदा कागद आठवले.

"चढताना दोनदा बसावं लागलं," लेआर्को म्हणाला. "वाटलं, वय झालं. पण उतार... अरे, काय उतार आहे तो! वळलो आणि समोर आलाच एकदम, इतका वर, आभाळातच असल्यासारखा. मी मोठ्यानं ओरडलो, 'आर्रिगो, बघ!' आणि मागे वळून पाहिलं." तो हसला. "मागे कोण असणार?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझी मोजायची मजा गेली असती. मी म्हटलं, गप्प बसू. मेमध्ये तुझ्याबरोबर जाऊ, पाचव्यावर पैज लावू, हरू, आणि तुझ्याबरोबर परत पहिल्यांदा बघू. म्हणून तर मी तुझ्या त्या डॉक्टरकडे आलो. नाहीतर मला काय गरज होती कागदाची? मी जाऊन आलो होतो."

आर्रिगोला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडून निघालं, "मी बसमध्ये झोपलो होतो."

"ते कळलं," लेआर्को म्हणाला. "पाचव्यावर कळलं." त्यानं पुडी उघडली, एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, चावलं. "गार झालीत. पण चांगली आहेत. जो हरेल त्यानं काय करायचं होतं रे?"

"आठवत नाही."

"मलाही नाही. जाऊ दे. दोघंही हरलो."

पुढच्या रविवारी मंडळाची सभा होती. चिटणीसानं सहलीचं इतिवृत्त वाचायचं. लेआर्को आला नव्हता. आर्रिगो उभा राहिला आणि त्यानं तिरप्या अक्षरातलं एकच पान वाचलं. मंडळाची मार्के सहल पार पडली. कोर्नाक्याच्या खिंडीखाली नवव्या वळणावर समुद्र दिसतो.

"थांब, थांब," एर्मेस म्हणाला. "कुणी पाहिला? आपण सगळे बसमध्ये घोरत होतो."

"सभासदानं पाहिला."

"कोणत्या?" पोलेत्तीनं विचारलं. "आणि कोणत्या तारखेला?"

आर्रिगोनं एप्रिलमधल्या त्या गुरुवारची तारीख वाचली. सहल सप्टेंबरात झाली, ही नोंद नियमात बसत नाही, असं पोलेत्ती बराच वेळ सांगत होता. आर्रिगोनं ऐकून घेतलं आणि पानाखाली शिक्का उठवला. मग त्यानं वही उलटी करून सगळ्यांपुढे सरकवली. 'हजर' या शब्दापुढे त्यानं लेआर्को बीझीचं नाव लिहिलं होतं. 'गैरहजर' या शब्दापुढे आर्रिगो मांतोवी.